रुपये आणि मायक्रॉन: गाडीवरच्या रेघा काढायला कोणतं मशीन घ्यावं?

मार्च २०२४ मध्ये उज्जैनला विक्रम व्यापार मेळा भरला आणि तिथे घेतलेल्या गाड्यांवर राज्य सरकारने मोटार वाहन करात ५० टक्के सूट दिली. पुढच्या वर्षीही दिली. कर वाचला म्हणून अनेकांनी थोडे पैसे वर घातले आणि वरचं मॉडेल, हवा तो रंग घेतला. त्या एमपी-१३ क्रमांकाच्या काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्या संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभ्या राहिल्या की बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळं दिसतात. मालक अस्वस्थ होतो आणि शोध सुरू करतो: घरीच मशीन घेऊन हे घालवता येईल का, आणि कितीत?

येतं. पण मशीन निवडण्याआधी या रेघा काय आहेत ते नीट समजून घ्या, कारण चुकीचं मशीन त्या घालवत नाही, वाढवतं.

त्या बहुतेक वेळा गोल नसतात. रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर, क्लिअर कोटवर, सगळ्या दिशांना पडलेले ते सूक्ष्म सरळ ओरखडे असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. दिवा हलवा, वर्तुळ हलतं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही ते असतातच, फक्त डोळ्याला लागत नाहीत.

ते पाडतो कोण? कोरडा फडका. माळव्याची काळी माती, रुंदीकरणाला काढलेले रस्ते, २०२८ च्या सिंहस्थासाठी जागोजाग चाललेली बांधकामं आणि गिट्टीची भुकटी, असं सगळं रात्रभर गाडीवर बसतं आणि सकाळी कुणीतरी एकच फडका टपावरून चाकापर्यंत फिरवतो. महिन्याला पाचशे-सातशे रुपये देऊन आपण हे काम रोज करवून घेतो. रंगपंचमीनंतर वाळलेला गुलाल तसाच झटकला जातो. नव्या गाडीच्या पूजेत बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक आठवडाभराने कोरडंच पुसलं जातं. त्यात बोअरचं जड पाणी उन्हात वाळून पांढरे ठिपके उठतात आणि ते घासून काढताना आणखी रेघा पडतात.

आता मुख्य गोष्ट. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून पृष्ठभाग सपाट करतं. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन भरतात. झेरॉक्सचा साधा कागद शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग एका कागदाइतका. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. सौम्य फिनिशिंग पॉलिश त्यातला एक-दोन मायक्रॉन घेतं, कंपाउंडने कट मारला तर दोन ते चार, आणि लोकरी पॅड लावून रोटरी दाबून चालवली तर त्याहून बरंच जास्त. गाडीच्या सगळ्या आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जायला जाणते कारागीर तयार नसतात. थर पातळ झाला की उन्हापासूनचं संरक्षण जातं, टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. मग पॉलिशने काही होत नाही. एकेक पॅनेल रंगवून घ्यावं लागतं, त्याचे चांगल्या ठिकाणी अडीच ते साडेचार हजार.

म्हणून हिशेबाच्या दोन वह्या ठेवायच्या, एक रुपयांची आणि एक मायक्रॉनची. रुपये पुन्हा मिळवता येतात. मशीन असं घ्या जे दुसऱ्या वहीतलं कमीत कमी खर्च करेल.

बाजारातली चार मशीनं

दुकानात 'पॉलिशिंग मशीन' म्हणून विचारलं की एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू पुढे येतात.

पहिली म्हणजे अँगल ग्राइंडरला स्पंज लावून दिलेली. दीड-दोन हजारांत मिळते आणि ही अजिबात घेऊ नका. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. रंगाला हवेत जास्तीत जास्त दोन-तीन हजार. एका क्षणात कडेचा रंग जळतो, स्पंज सुटून अंगावरही येऊ शकतो. खोक्यावर वेगाची किमान मर्यादा आणि मशीनवर वेग कमी-जास्त करायचं चाक नसेल तर ते पॉलिशर नव्हे.

दुसरी, दहा इंची तबकडीला कापडी टोपी घालायची हलकी मशीन. दीड ते अडीच हजार. मेण पसरायला आणि पुसायला ठीक. तिच्यात एवढी ताकदच नसते की ती क्लिअर कोट कापेल, त्यामुळे रेघा निघत नाहीत. जाहिरातीत मात्र आधीची-नंतरची चित्रं तिच्याच खोक्यावर सर्वांत भडक असतात.

तिसरी रोटरी. डेंटिंग-पेंटिंगच्या प्रत्येक दुकानात हीच दिसते. पॅड एकाच आसाभोवती फिरतं, वेग साधारण ६०० ते ३०००. नाव नसलेली तीन-चार हजारांत, बॉश, मकिता यांसारख्या कंपन्यांची साधारण सहा ते पंधरा हजार. सरावलेल्या हातात हिच्याइतकं झपाट्याने काम करणारं दुसरं काही नाही. नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर पाणपेपरचे ओरखडे काढायला तीच लागते. पण सगळी उष्णता एका जागी साठते. दाराच्या कडेवर, बॉनेटच्या उंच घडीवर हात अर्धा सेकंद जास्त थांबला तर खालचा रंग दिसायला लागतो. आणि घाईत चालवली तर ती स्वतःच नव्या रेघा सोडते, उन्हात तिरक्या पट्ट्यांसारख्या दिसतात त्या. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात. रेघा काढून घ्यायला गेलेल्या कितीतरी गाड्या हेच घेऊन परत येतात. दुकानात त्या दिसत नाहीत, कारण वरून तेलकट पॉलिशचा हात असतो. दोन-तीन धुण्यांत तो उतरतो.

चौथी ड्युअल अ‍ॅक्शन, बोलीत डीए. घरगुती माणसाने हीच घ्यावी, आणि यात माझ्या मनात काही शंका नाही. हिची तबकडी मुख्य आसापासून थोडी बाजूला, मोकळ्या बेअरिंगवर बसवलेली असते. ती छोट्या वर्तुळात भिरभिरते आणि त्या ओघात स्वतःभोवतीही फिरते. एकच कण एकाच वाटेने परत परत जात नाही, त्यामुळे होलोग्राम पडत नाहीत, आणि उष्णता पसरते. सर्वांत मोठा फायदा असा की कडेवर जास्त दाब पडला की तबकडीचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. रोटरी तिथे रंग जाळते, डीए तिथे काम थांबवते. नवख्याला याहून मोठी विमा पॉलिसी मिळणार नाही.

एक प्रकार या दोघांच्या मधला आहे, फोर्स्ड रोटेशन. यात गिअरने तबकडी सक्तीने फिरवली जाते, दाबाने थांबत नाही. कट चांगला मिळतो, पण उष्णताही वाढते आणि हाताला ओढ बसते. रोज काम करणाऱ्यासाठी. पहिलं मशीन म्हणून नको.

डीए निवडताना काय बघायचं

खोक्यावर ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असा आकडा असतो. तबकडी ज्या वर्तुळात भिरभिरते त्याचा तो व्यास. २१ चं मशीन सपाट, मोठ्या बॉनेटवर झपाट्याने काम करतं, पण वळणावर पटकन अडखळतं. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या अंगाला घड्या फार, सपाट जागा कमी. म्हणून २१ चा मोह टाळा. १५ हा सर्वसाधारण कामाचा आकडा. एकच छोटी गाडी असेल तर ८ चं मशीनही पुरतं. ते वळणांवर छान फिरतं, हातही कमी थरथरतो, फक्त वेळ जास्त लागतो.

तबकडी पाच इंची घ्या, त्यावर साडेपाच-सहा इंची फोम पॅड. पॅड तबकडीपेक्षा थोडं मोठं हवंच, नाहीतर तबकडीची कडक कड रंगाला लागते. मशीनच्या आतलं वजन विशिष्ट तबकडीच्या मापाला जुळवलेलं असतं, त्यामुळे पाच इंचीच्या जागी सहा इंची लावायचे प्रयोग करू नका. थरथर वाढते, बेअरिंग लवकर जातं.

वॅटचा आकडा सातशे ते नऊशेच्या दरम्यान असला म्हणजे झालं. दुकानदार बाराशे-पंधराशे वॅट सांगून भाव वाढवतात, त्याने फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा दाब दिल्यावर वेग टिकतो का ते बघा. सॉफ्ट स्टार्ट हवा, म्हणजे बटण दाबताच पॅड झटका देऊन पॉलिश भिंतीवर उडवत नाही. वजन अडीच किलोच्या आत असावं. दुकानात दोन मिनिटं आडवं धरून बघा, दारं उभी असतात. आणि कार्बन ब्रश, तबकडी, स्विच कुठे मिळतील हे पैसे देण्याआधी विचारा. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये नाही मिळालं तर ५५ किलोमीटरवर इंदूर आहे, पण तिथल्या सेवा केंद्राला फोन करून त्याच मॉडेलचे भाग ठेवतात का ते आधी पक्कं करा.

किमती ढोबळ सांगतो, दुकानागणिक आणि सवलतीगणिक फरक पडतो. फारशा नाव नसलेल्या डीए पाच ते नऊ हजारांत. बऱ्यापैकी खात्रीच्या, बहुतेक चिनी बनावटीच्या पण डिटेलिंगवाल्यांच्या वापरातल्या, दहा ते वीस हजारांत. इटलीच्या रुपेससारख्या किंवा जर्मन मशीनना तीस हजार आणि पुढे. शेवटच्या गटात काम खरोखर वेगळं वाटतं, हात दुखत नाही, आवाज कमी. पण दोन वर्षांतून एकदा वापरायच्या मशीनवर तेवढे पैसे घालू नयेत. दहा ते चौदा हजारांचा टप्पा बरोबर आहे.

अमेरिकेतल्या भाच्याला 'येताना घेऊन ये' असं सांगायचा बेत असेल तर थांबा. तिथलं मशीन १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि कटकट धरली की स्वस्ताई संपते, आणि वॉरंटी इथे चालत नाही.

मशीनबरोबरचा खर्च

मशीन बारा हजारांचं धरू. त्यावर सहा फोम पॅड लागतात, तीन कट मारायचे, तीन फिनिशिंगचे. एका पॅडवर सगळी गाडी होत नाही, ते तापतं, भरतं. सरासरी पाचशेने तीन हजार. कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश मिळून अडीच हजार. मेन्झर्ना, थ्रीएम, मेग्वायर्स, सोनॅक्स यांपैकी कोणतंही चालेल, दोन्ही एकाच कंपनीचं घेतलं तर बरं. रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा क्ले बार सहाशे. दहा मायक्रोफायबर कापडं बाराशे. रेघा दाखवणारी चांगली एलईडी बॅटरी बाराशे. मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, गॉगल, मास्क मिळून सातशे. झाले नऊ हजार दोनशे. म्हणजे बारा हजारांचं मशीन घरी एकवीस हजारांना पडतं. वीज किरकोळ: नऊशे वॅटचं मशीन सहा तास सलग चाललं तरी साडेपाच युनिट.

समोर दुसरा आकडा ठेवा. उज्जैन-इंदूरकडे डिटेलिंग स्टुडिओत छोट्या गाडीचं एका टप्प्याचं काम साधारण चार ते सात हजारांत होतं, दोन टप्प्यांचं आठ ते चौदा हजारांत. सिरॅमिक कोटिंग वेगळं, आणि आधी रेघा न काढता कोटिंग केलं तर रेघा त्याखाली तशाच राहतात.

स्टुडिओचे सहा हजार धरले आणि घरी दर वेळी हजाराचं सामान, तर एका खेपेला पाच हजार वाचतात. मशीनचे पैसे वसूल व्हायला चार खेपा हव्यात. पण मायक्रॉनची वही सांगते की एका गाडीला दोन वर्षांत एकदाच हात लावा. म्हणजे एकच गाडी असेल तर आठ वर्षं. माझं स्पष्ट मत: घरात एकच गाडी असेल आणि या कामाची हौस नसेल तर मशीन घेऊ नका. दोघा भावांच्या दोन आणि वडिलांची एक अशा तीन गाड्या असतील, किंवा सोसायटीत तिघं-चौघं मिळून घेणार असाल, तर अडीच-तीन वर्षांत फिटतं. हौस असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवायलाही माझी हरकत नाही, कारण आपल्या हाताने बॉनेट आरशागत झाल्याचा आनंद मोठा असतो.

हजार-बाराशेत 'पूरी गाडी चमका देंगे' म्हणणारा रबिंगवालाही असतो. रुपयांच्या वहीत तो सर्वांत स्वस्त. त्याच्या एका खेपेत तुमच्या गाडीचे किती मायक्रॉन गेले हे त्यालाही ठाऊक नसतं, कारण तो मोजतच नाही.

पहिलं पॅनेल

मे महिन्यात हे काम काढू नका. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, पॉलिश पसरायच्या आत वाळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सावलीत, सकाळी.

गाडी भरपूर पाण्याने धुवा, साबणाची आणि फडका खळखळायची बादली वेगळी. क्ले बार फिरवा. रबर, काळं प्लास्टिक आणि पॅनेलच्या तीक्ष्ण कडा टेपने झाका. मग बॉनेटवर दीड फूट चौरस जागा टेपने आखून फक्त तिथेच प्रयोग करा. सुरुवात सर्वांत सौम्य जोडीने: फिनिशिंग पॅड, फिनिशिंग पॉलिश. जपानी आणि कोरियन कंपन्यांचा क्लिअर कोट साधारण मऊ, जर्मन वळणाच्या गाड्यांचा कठीण, असा कारागिरांचा अनुभव आहे, पण तुमच्या गाडीचं उत्तर हा चौकोनच देईल.

एक युक्ती जरूर करा. तबकडीच्या कडेवर मार्करने जाड काळी रेघ ओढा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसत असेल तर पॅड फिरतंय आणि काम होतंय. रेघ एका जागी थरथरू लागली की समजा दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं झालं. नवखे लोक पॉलिश बदलतात, पॅड बदलतात, मशीनला नावं ठेवतात, आणि गोष्ट एवढीच असते.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. पहिल्या नंबरवर पसरवा, मग चौथ्या-पाचव्या नंबरवर आडव्या आणि उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या अर्ध्या ओळीवर. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. दाब मशीनच्या वजनाहून थोडाच जास्त. चार-पाच फेऱ्यांनंतर पुसा आणि पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने पुन्हा पुसा, म्हणजे तेलकटपणा जाऊन खरं चित्र दिसेल. बॅटरी तिरकी धरून बघा. सत्तर-ऐंशी टक्के रेघा गेल्या असतील तर तिथेच थांबा. उरलेल्या खोल आहेत. त्यांच्यामागे लागणं मायक्रॉनच्या वहीत महागात पडतं. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॉलिशने काढायचा नसतोच.

पॅड दर चौकोनानंतर ब्रशने झाडा, दोन पॅनेलनंतर बदला. हॅचबॅकला सहा ते आठ तास लागतात, दोन सकाळी वाटून घ्या. पॅड उन्हात डिकीत ठेवू नका, वेल्क्रोचा गोंद सुटतो.

आणि दुसऱ्या दिवसापासून कोरडा फडका बंद. रोज गाडी पुसणाऱ्याला सांगा की पुसायचं नाही, आठवड्यातून दोनदा पाणी मारून धुवायचं. पैसे तेवढेच द्या. त्याला दोन जाड मायक्रोफायबर आणून द्या, एक वरच्या भागाला, एक खालच्या.

बिल आणि मापं

मशीन कुठूनही घ्या, १८ टक्के जीएसटी लावलेलं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. आयात मशीनच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं आणि एमआरपी छापलेली असावीच लागते. नसेल तर वॉरंटीचं बोलणं हवेतलं आहे. दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

स्टुडिओकडे काम देणार असाल तर पेंट थिकनेस गेज आहे का विचारा. नसेल तर दुसरीकडे जा. असेल तर टप, बॉनेट, दारं यांची मापं कामाआधी तुमच्यासमोर घ्यायला सांगा. एखाद्या पॅनेलवर दोनशेच्या वर आकडा आला तर ते आधी रंगवलेलं आहे, चारशेच्या वर गेला तर खाली लांबी भरलेली असण्याची शक्यता मोठी. जुनी गाडी घेतली असेल तर ही माहिती आणखी कामाची. प्लास्टिकच्या बंपरवर स्वस्त गेज काही दाखवत नाही, तिथे हात हलकाच हवा. काम कोणत्या मशीनने होणार, रोटरी की डीए, हेही विचारा. कामानंतर त्याच जागांची मापं पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या. दोन वर्षांनी पुन्हा कुठेही गेलात तरी तो कागद बरोबर न्या.